सुमिमासेन, यात मासे आहेत का?

रेडिओवर हे बोलणं झालं त्या दिवशी पावसानं बऱ्याच गावांतली वीज गेली होती. अनेक गटांना अर्धवटच ऐकू आलं. म्हणून ते इथे पुन्हा देतोय, आणि बोलताना राहून गेलेल्या काही गोष्टीही घातल्या आहेत.

विषय आहे जपानी भाषा. तुम्ही म्हणाल, इंग्रजीच धड जमत नाही आणि ही जपानी कुठून आणली? गटाच्या बैठकीतही पहिला प्रश्न हाच आला. पण जपान आता आपल्याला वाटतं तेवढं लांब राहिलेलं नाही. शिवडीहून समुद्रावरून येऊन आपल्या उरण तालुक्यात उतरणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला. त्यासाठीचं मोठं कर्ज जपान सरकारच्या 'जायका' या संस्थेनं दिलं आहे. मुंबई-पुण्यात जपानी कंपन्या आहेत. तिथं कामाला आलेली माणसं कधीमधी मांडव्याची बोट धरून कुटुंबासह आपल्या किनाऱ्यावर येतात. उलट बाजूनं आपली मुलं तिकडे जातात. तोक्योच्या एदोगावा भागात भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. मूळचे अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक २०१९ साली तिथल्या विभागसभेवर निवडूनही आले. मग सुनेच्या बाळंतपणाला किंवा नातवंडं बघायला इथली आईही विमानात बसते.

म्हणजे दोन प्रकारच्या बायकांना हे उपयोगी आहे. एक, ज्यांच्या गटाची खानावळ किंवा निवास-न्याहारी आहे. दुसरी, जिला स्वतःला तिकडे जायचं आहे. दोघींना भाषा पुरी यायला नको. वीस-पंचवीस वाक्यं पुरतात. त्यातली चार-पाच मात्र अगदी पक्की हवीत. ती कुठली, ते पुढे सांगतो.

आधी चांगली बातमी. आपल्याला इंग्रजी जड जातं, कारण त्या भाषेची वाक्यं आपल्या उलट चालतात. जपानी तशी नाही. त्यांचं क्रियापद आपल्यासारखं शेवटी येतं. आपण नावाला मागून 'ला', 'ने', 'हून', 'चा' जोडतो, तेही मागूनच जोडतात. आणि सगळ्यात गंमत म्हणजे प्रश्न विचारायला वाक्याच्या शेवटी ते 'का' लावतात. तोच आपला 'का'! "ही गाडी शिंजुकुला जाते का?" हे जपानीत होतं, "कोनो देन्शा वा शिंजुकु नि इकिमासु का?" कोनो म्हणजे ही. देन्शा म्हणजे आगगाडी. 'वा' म्हणजे बोलण्यातला आपला 'तर'. शिंजुकु हे तोक्योतलं मोठं स्टेशन, 'नि' म्हणजे ला, इकिमासु म्हणजे जाते, आणि का म्हणजे का. शब्दावर शब्द ठेवत गेलं की झालं. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांपेक्षा मराठीतून विचार करणाऱ्या बाईला हे लवकर कळतं, असा आमचा अनुभव आहे.

'चा-ची-चे'साठी त्यांच्याकडे एकच 'नो'. अलिबागचा कांदा म्हणजे 'अलिबाग नो तामानेगि'. 'हून' म्हणजे 'कारा', 'पर्यंत' म्हणजे 'मादे'. 'मुंबई कारा मुरुड मादे' म्हटलं की जपानी माणसाला कळलं. शिवाय खातो, खाते, खातात असले फरक नाहीत. बाई असो, बुवा असो, दहा जण असोत, सगळ्यांना 'ताबेमासु'. खात नाही म्हणायचं तर 'ताबेमासेन'. शेवटचा 'मासु' बोलताना 'मास्' असाच ऐकू येतो. 'देसु'चं 'देस्' होतं.

उच्चारही आपल्या तोंडाला सोपे आहेत. त्यांची अक्षरं अ, इ, उ, ए, ओ अशी सुरू होतात आणि मग का, कि, कु, के, को अशी बाराखडीसारखी चालतात. हा क्रम बौद्ध भिक्षूंबरोबर तिकडे गेलेल्या संस्कृत वर्णमालेवरून आला, असं अभ्यासक मानतात. त्यांचा 'त्सु' अनेकांना जमत नाही. आपण तो रोज म्हणतो, 'चूल' या शब्दातला चू. 'गोझाइमासु'मधला झा म्हणजे 'जाऊबाई'तला जा. जोडाक्षर आलं की मात्र नीट जोर द्यायचा, जसा आपण 'पता' आणि 'पत्ता' यांत करतो. ऱ्हस्व-दीर्घही सांभाळायचं. 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू, आणि 'ओबाआसान' म्हणजे आजी. चाळिशीच्या पाहुणीला आजीबाई म्हटलं तर ती काही बोलणार नाही, पण व्हायचं ते होईल.

'ल' त्यांच्याकडे नाही, त्याचा 'र' होतो, आणि इंग्रजी शब्दाच्या शेवटी ते एक स्वर चिकटवतात. होतेरु, बासु, सुपून, तोइरे. हसू नका. आपण 'इस्टेशन' आणि 'इस्कूल' म्हणताना पुढे चिकटवतो, ते मागे चिकटवतात, एवढंच. याचा फायदा असा की चमचा हवा असेल तर 'सुपून' म्हणा, काम होतं.

आता खाण्याकडे वळू. खाणावळीत शिरलात की आतून सगळे ओरडतात, 'इराश्शाइमासे!' म्हणजे या, यावं. त्याला उत्तर द्यायचं नसतं, हसून मान लववली की पुरे. वाढणाऱ्याला हाक मारायची तर 'सुमिमासेन'. हा शब्द सोन्यासारखा आहे. जरा ऐकता का, माफ करा, तुम्हाला त्रास दिला, असे सगळे अर्थ त्यात येतात. दुसरं काही आलं नाही तरी सुमिमासेन यावं. मग पदार्थाकडे बोट दाखवून 'कोरे ओ कुदासाइ', हे द्या. वाचता येत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. तिकडच्या अनेक खाणावळींच्या दाराशी काचेच्या कपाटात पदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती मांडलेल्या असतात. बाहेर नेऊन दाखवलं आणि 'कोरे' म्हटलं तरी चालतं. एक हवं तर 'हितोत्सु', दोन हवेत तर 'फुतात्सु'. पाणी म्हणजे 'ओमिझु'. ते फुकट मिळतं, आणि नळाचं असलं तरी पिण्यासारखं असतं. बिल मागायचं, 'ओकाइकेइ ओनेगाइशिमासु'. वर टीप ठेवायची पद्धत नाही. ठेवलीत तर विसरलात म्हणून मागे धावत येतील. काही ठिकाणी दाराजवळच्या यंत्रात पैसे टाकून आधीच तिकीट घ्यावं लागतं.

'इकुरा देसु का' म्हणजे केवढ्याला? आपल्या कोळणींना आवडेल अशी गोष्ट म्हणजे 'इकुरा' हेच सामन माशाच्या गाबोळीचंही नाव आहे. मासळी बाजारात गाबोळीकडे बोट दाखवून इकुरा म्हटलंत तर तुम्ही भाव विचारलात की नाव सांगितलंत, ते 'देसु का'वरूनच कळणार.

आता त्या पक्क्या हव्यात अशा वाक्यांकडे येऊ. हे जरा सविस्तर सांगतो, कारण इथे चूक झाली तर एखाद्याचं व्रत मोडतं, आणि एखाद्याच्या जिवावरही बेततं.

आपल्याकडे वांग्यात सुकट घालतात. वालाच्या शेंगांतही घालतात, माठाच्या भाजीतही. आपल्याला ती 'वांग्याची भाजी'च वाटते, कारण सुकट चवीपुरती. जपानी बाई नेमकं हेच करते. त्यांच्याकडे कुप्याच्या जातीचा 'कात्सुओ' नावाचा मासा असतो. तो शिजवून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवतात. मग रंध्यावर किसतात. सुताराच्या दुकानातल्या छिलक्यांसारखे पातळ काप निघतात. ते गरम पाण्यात टाकून गाळून घेतात, त्या पाण्याला म्हणतात 'दाशी'. मिसो सूप, नूडल्सचा रस्सा, उकडलेल्या भाज्या, अंड्याची वडी, सगळ्याच्या मुळाशी दाशी. टोफूवर तर ते काप वरूनच भुरभुरवतात. डोळ्याला मासा कुठेच दिसत नाही.

समजा, आपली एखादी माळकरी सासू लेकाकडे गेली आहे. तिनं सांगितलं, 'निकु वा ताबेमासेन', मांस खात नाही. हॉटेलवाल्यानं 'हाइ' म्हटलं आणि प्रेमानं भाज्यांचं सूप आणून ठेवलं. त्याच्या हिशेबात ते भाज्यांचंच सूप आहे. यात त्याची लबाडी नाही. आपण वांग्याच्या भाजीबद्दल जे म्हणतो, तेच तो म्हणतोय. म्हणून सांगायचं पूर्ण सांगायचं: "निकु मो साकाना मो ताबेमासेन. दाशि मो दामे देसु." निकु म्हणजे मांस, साकाना म्हणजे मासा, आणि 'मो' म्हणजे आपला 'पण'. मांस पण, मासे पण खात नाही. दाशी पण चालत नाही. आणि ताट समोर आल्यावर पुन्हा विचारायचं: "साकाना गा हाइत्ते इमासु का?" यात मासे घातलेत का? पुन्हा तोच का.

अंडं म्हणजे 'तामागो' आणि कांदा म्हणजे 'तामानेगि'. दोन्ही कानाला जवळचे आहेत. ज्यांना अंडं चालत नाही त्यांनी हे दोन शब्द वेगवेगळे घोटून ठेवावेत, नाहीतर कांदा नको म्हणून बसाल आणि अंडं खाल. 'व्हेजिटेबल करी' नावावरही जाऊ नका, रश्शात मांसाचा अर्क असू शकतो. अगदी निर्धास्त जेवायचं असेल तर 'शोजिन र्योरी' विचारा. हे बौद्ध मठांतलं जेवण. मांस-मासे नाहीत, परंपरेनं कांदा-लसूणही नाही, आणि दाशी केली तरी कोम्बु नावाच्या समुद्री वनस्पतीची. वाकायामा प्रांतातल्या कोयासान डोंगरावरच्या मठांत मुक्काम केला की हेच जेवण मिळतं. तिथल्या विद्यापीठाच्या आवारात २०१५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभारला आहे. चवदार तळ्याच्या आपल्या जिल्ह्यातून कोणी जपानला गेलं तर तिथं जाण्याचं हे आणखी एक कारण.

आता हीच गोष्ट उलटी करा. जपानी पाहुणा आपल्या खानावळीत बसला आहे. त्याला कोळंबीची ॲलर्जी आहे. तिकडे कोळंबी, खेकडा, अंडी, दूध, गहू, भुईमूग यांपैकी काही असेल तर पाकिटावर छापणं कायद्यानं सक्तीचं आहे, म्हणून त्याला वाचून खायची सवय. आपल्या भाजीवर कुठलं पाकीट? तो कोळंबीचं कालवण बाजूला सारतो आणि वांग्याची भाजी निर्धास्त खातो. त्यातली सुकट म्हणजे वाळवलेला जवळा, आणि जवळा ही कोळंबीच्याच घराण्यातली. ओठ सुजले, दम लागला, तर मिनिटांचा खेळ असतो. तेव्हा १०८ ला फोन करायचा हे खरं, पण आपल्या खेड्यांत गाडी यायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत आहे.

म्हणून चुलीवर काही ठेवायच्या आधी विचारायचं: "आरेरुगी गा आरिमासु का?" ॲलर्जी आहे का? पाठोपाठ एकेक नाव घ्यायचं. "एबि वा ताबेरारेमासु का?" कोळंबी खाऊ शकता का? एबिच्या जागी 'कानि' म्हटलं की चिंबोरी, 'इका' म्हटलं की माकूल, 'आसारि' म्हटलं की तिसऱ्या, 'पीनात्त्सु' म्हटलं की शेंगदाणे. शेंगदाण्याचं विसरू नका, आपलं कूट कोशिंबिरीत, खिचडीत कुठेही असतं. उत्तर 'ताबेरारेमासेन' आलं, म्हणजे शेवटी 'सेन' ऐकू आलं, की तो जिन्नस त्या ताटाला लागता कामा नये. पळी वेगळी, तेल वेगळं. आमच्या गटात हे प्रश्न पुठ्ठ्यावर मोठ्या देवनागरीत लिहून ओट्याच्या वर टांगले आहेत. खाली प्रत्येक जिन्नसाचं चित्र आहे. उच्चार फसला तर चित्रावर बोट ठेवायचं.

'हाइ'चं एक सांगायचं राहिलं. हाइ म्हणजे हो. पण आपण कोणी बोलत असताना 'हं, हं' करतो, तसं तेही 'हाइ, हाइ' करतात. त्याचा अर्थ 'ऐकतोय' एवढाच. तेव्हा ॲलर्जीच्या बाबतीत नुसत्या हाइवर विसंबायचं नाही, चित्र दाखवून खात्री करायची.

दुसरा फसवा शब्द 'दाइजोबु'. अर्थ ठीक आहे. पण भात वाढायला गेलात आणि पाहुणा 'दाइजोबु देसु' म्हणाला, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'नको, पुरे' असा असतो. आपण कोकणातली माणसं, आग्रहाशिवाय वाढणं आपल्याला जमत नाही. आणि जपानी माणसाला पानात टाकणं जमत नाही. तो बिचारा तोंड वर न करता सगळं संपवतो आणि रात्री झोपत नाही. त्यापेक्षा 'ओकावारि?' असं विचारा, म्हणजे आणखी वाढू? 'ओनाका इप्पाइ देसु' म्हणाला तर पोट भरलं, विषय संपला.

चवीचे शब्द तीन-चार पुरतात. तिखट 'काराइ', गोड 'आमाइ', आंबट 'सुप्पाइ', छान 'ओइशी'. जपानी जेवणात आपल्यासारखं मिरचीचं तिखट सहसा नसतं, म्हणून 'काराइ देसु' असं आधीच सांगून टाकावं. सोलकढीला गुलाबी दूध समजतात. 'कोकोनात्त्सु, सुप्पाइ' म्हटलं की काय आहे ते कळतं. बांगडा म्हणजे 'साबा', तारली म्हणजे 'इवाशि', पापलेट म्हणजे 'मानागात्सुओ'. ही नावं ऐकली की पाहुण्यांचा चेहरा उजळतो, कारण ही सगळी त्यांच्या घरातली मासळी. भाताचंही तसंच. 'गोहान' म्हणजे शिजवलेला भात, आणि गोहान म्हणजेच जेवण. कच्च्या तांदळाला वेगळा शब्द, 'कोमे'. शेतातल्या रोपाला आणखी वेगळा, 'इने'. ज्यांच्या घरात भातशेती आहे त्यांना हे समजावून सांगायला नको.

पाहुणे पायातलं बाहेर काढूनच आत येतात, जमिनीवर बसायचीही त्यांना सवय असते. हातानं खाणं मात्र नवीन. 'ते दे ताबेमासु' म्हणायचं. ते म्हणजे हात, दे म्हणजे ने: हातानं खातो. आणि स्वतः एक घास खाऊन दाखवायचा. त्यांच्याकडे आपण गेलो तर काड्यांनी खाताना एक पाळायचं: भातात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत. तो मेलेल्या माणसाला ठेवायचा भात. आपल्याकडे पिंडाचा भात कोणी पंगतीत मांडेल का? तसंच.

जेवायला सुरुवात करताना हात जोडून 'इतादाकिमासु' म्हणतात. जे मिळालं ते नम्रपणे घेतो, असा त्याचा भाव. उठताना 'गोचिसोसामा देशिता', म्हणजे आपल्या 'अन्नदाता सुखी भव'च्या जवळ जाणारं. परक्या बाईनं हे म्हटलेलं ऐकून आतली स्वयंपाकीण बाहेर येऊन बघते.

प्रवासाचं थोडक्यात सांगतो, कारण ते सोपं आहे. स्टेशनांची नावं इंग्रजी अक्षरांतही लिहिलेली असतात. स्टेशन म्हणजे 'एकि', तिकीट म्हणजे 'किप्पु'. काहीही शोधायचं तर त्याचं नाव घेऊन पुढे 'वा दोको देसु का' जोडायचं, म्हणजे कुठे आहे. 'तोइरे वा दोको देसु का' हे बायकांनी सगळ्यात आधी पाठ करावं, यात लाजायचं काही नाही. वाट चुकलात तर 'कोबान' विचारा, ती चौकातली छोटी पोलीस चौकी, वाट सांगणं हे तिथल्या पोलिसांचं रोजचं काम. समोरचा भराभर बोलायला लागला तर 'युक्कुरि ओनेगाइशिमासु', म्हणजे हळू, कृपा करून. कळलं नाही तर 'वाकारिमासेन'. अडचणीत सापडलात तर 'तासुकेते कुदासाइ', मला मदत करा. तिथं रुग्णवाहिकेचा नंबर ११९, पोलिसांचा ११०.

आकडे दहापर्यंत पाठ केले की नव्याण्णवपर्यंत आलेच: इचि, नि, सान, योन, गो, रोकु, नाना, हाचि, क्यू, जू. अकरा म्हणजे दहा-एक, 'जू-इचि'. वीस म्हणजे दोन-दहा, 'नि-जू'. आपल्या एकोणसाठ-एकोणसत्तरनं रडलेल्या प्रत्येकीला हे बघून हेवा वाटेल.

फोनवर भाषांतर होतंच की, असं आमच्या मुली म्हणतात. होतं, आणि मोठं वाक्य असेल तर जरूर वापरा. पण स्वयंपाक करताना हात ओले असतात, काशिदच्या पुढे नेटवर्क येतं-जातं, आणि 'सुकट' या शब्दाचं फोन काय करेल याचा भरवसा नाही. एबि आणि कानि हे दोन शब्द तोंडात असलेले बरे.

ज्या मुलींना तिकडे वृद्धांच्या देखभालीच्या नोकरीला जायचं आहे, त्यांना मात्र एवढ्यानं भागणार नाही. त्यांना निदान एन-४ पातळीच्या परीक्षेची तयारी हवी. पुण्यात जपानी शिकवण्याची जुनी परंपरा आहे, तिथं चौकशी करावी. घरबसल्या सुरुवात करायची तर जपानच्या एनएचके वर्ल्ड या प्रसारण संस्थेचे 'ईझी जॅपनीज' नावाचे फुकट पाठ हिंदीतूनही आहेत.

गटात सराव कसा करायचा म्हणाल, तर आम्ही असा करतो. हप्ते गोळा करून झाले की एक बाई पाहुणी होते, दुसरी वाढते. पाहुणीच्या हातात एक चिठ्ठी असते, तिला काय चालत नाही ते त्यावर लिहिलेलं असतं. वाढणारीनं प्रश्न विचारून ते ओळखायचं, मराठी शब्द वापरायचा नाही. ओळखायच्या आधी वांगं वाढलं तर दंड दोन रुपये, तो गटाच्या पेटीत. पाच-सहा बैठका झाल्या की दंड येणं बंद होतं.